युरोपला खाद्यपदार्थ पाठवताय? पॅकिंगच्या डिक्लरेशनमध्ये अडतं ते इथे

आधी एक गोष्ट: यासाठी कुठल्याही कार्यालयात अर्ज नसतो. ‘युरोपचं पॅकेजिंग सर्टिफिकेट काढून देतो’ म्हणणाऱ्या एजंटला पैसे देऊ नका. युरोपियन युनियनच्या 2025/40 या नियमाप्रमाणे उत्पादकानेच तपासणी करून तांत्रिक फाइल बनवायची आणि स्वतःच्या सहीने डिक्लरेशन ऑफ कन्फर्मिटी, म्हणजे पॅकिंग नियमात बसतं असं लेखी हमीपत्र, द्यायचं.

उत्पादक कोण? पाकीट दुसऱ्याने बनवलं तरी ब्रँड तुमचा असेल तर तुम्हीच. अगदी छोट्या उद्योगांना सूट आहे, पण पॅकिंगचा पुरवठादार त्यांच्याच युरोपीय देशात असेल तरच. चिवडा पाठवणाऱ्या आपल्या गृहउद्योगाला तिचा उपयोग शून्य. ब्रँड तिकडच्या खरेदीदाराचा असला तरी तो कागद तुमच्याकडेच मागणार.

घोडं अडतं ते पीफासच्या (तेल-पाणी झिरपू न देणाऱ्या फ्लोरिनयुक्त रसायनांच्या) रिपोर्टवर. पुरवठादार बहुधा 10/2011 या युरोपीय नियमाचं जुनं फूड-कॉन्टॅक्ट डिक्लरेशन पाठवतो. ते प्लास्टिकपुरतं आहे आणि पीफासच्या नव्या मर्यादांबद्दल त्यात काहीच नसतं. अन्नाला लागणाऱ्या पॅकिंगसाठी मर्यादा तीन आहेत: कुठलाही एक पीफास 25 पीपीबी (अब्जात 25 भाग), मोजलेल्या सगळ्यांची बेरीज 250 पीपीबी, आणि पॉलिमरसह एकूण 50 पीपीएम (दहा लाखात 50 भाग). पैकी एकही गाठली तरी माल बाजारात आणता येत नाही. पीपीबी आणि पीपीएममध्ये हजारपटीचा फरक आहे. लॅबचं यंत्र 1 पीपीएमखाली मोजतच नसेल, तर ‘आढळले नाही’ हा शेरा 25 पीपीबीसाठी कुचकामी. नमुना देण्याआधीच डिटेक्शन लिमिट, म्हणजे यंत्र कमीत कमी किती मोजू शकतं ते, विचारा. टोटल फ्लोरिनची चाचणी पहिली करा, पण ती 50 पीपीएमच्या आत आली तरी फक्त तिसरी अट सुटते. तेल न झिरपणारा कागद, कागदी खोके आणि लगद्याचे ट्रे यांवर आधी संशय घ्या.

शिसं, कॅडमियम, पारा आणि हेक्साव्हॅलंट क्रोमियम मिळून 100 मिलिग्रॅम प्रतिकिलोची अट जुनीच आहे. शाई आणि लेबल तपासायला मात्र विसरतात.

तारीख: नियम अंमलात आला 11 फेब्रुवारी 2025 ला, लागू 12 ऑगस्ट 2026 पासून. जहाज जुलैत सुटलं हा बचाव चालत नाही. माल युरोपच्या बाजारात कधी आला ते पाहतात. नाशिकच्या द्राक्षांना पहिला फटका 2027 च्या हंगामात, म्हणजे पनेटची (द्राक्षं भरायच्या छोट्या डब्यांची) ऑर्डर देतानाच रिपोर्ट मागायला हवा.

फाइल एकदा वापरायच्या पॅकिंगसाठी 5 वर्षं, पुन्हा वापरायच्या पॅकिंगसाठी 10 वर्षं जपायची. मध्येच कागद किंवा शाईचा पुरवठादार बदललात, तर जुना रिपोर्ट त्या मालाला चालणार नाही.