लिंकनचे दोन ह्यू: एक बिशप, एक लहान मुलगा

इंग्लंडमधल्या लिंकन कॅथीड्रलविषयी मजकूर वाचताना एक वाक्य फिरून फिरून समोर येतं: 'इथे संत ह्यूची कबर आहे, ज्यूंनी त्याचा बळी घेतला होता.' यात दोन वेगळी माणसं एकत्र केली आहेत आणि वर एक धादांत खोटा आरोप चिकटवला आहे.

बिशप ह्यू बहुतेकांना माहीत असतो. जन्म फ्रान्समधल्या ॲव्हलॉनचा, कार्थुसियन (एकांतवासी ख्रिस्ती पंथाचा) संन्यासी, ११८६ पासून लिंकनचा बिशप. १२०० साली लंडनमध्ये आजाराने वारला, त्याच्या शवपेटीला खुद्द राजा जॉनने खांदा दिला. चित्रात शेजारी हंस असतो तो हाच.

दुसरा ह्यू आठ-नऊ वर्षांचा पोरगा. १२५५ च्या उन्हाळ्यात हरवला आणि ऑगस्टअखेर विहिरीत त्याचं प्रेत सापडलं. तो कसा मेला हे कधीच सिद्ध झालं नाही. कोपिन नावाच्या ज्यूला जीवदानाचं आमिष दाखवून, ज्यूंनीच मुलाचा बळी घेतला अशी कबुली वदवली गेली. राजा तिसऱ्या हेन्रीने मग कोपिनलाही मारलं. नव्वदएक ज्यूंना धरून लंडनला नेलं, त्यांतल्या अठरा जणांना फाशी दिलं. त्यांची मालमत्ता राजाकडे गेली, हे विसरून चालणार नाही.

खरी गफलत होते ती 'संत' या उपाधीपाशी. बिशपच्या बाबतीत पोपने चौकशी नेमली, कँटरबरीचा आर्चबिशप स्टीफन लँग्टन त्या कामात होता. चमत्कारांच्या साक्षी नोंदवल्या गेल्या आणि १२२० मध्ये पोप तिसरा होनोरियस याने त्याला संत घोषित केलं. मुलासाठी रोमने असं काहीही केलं नाही. कॅथीड्रलच्या पाद्र्यांनी त्याचं प्रेत मागून घेतलं, आत पुरलं, यात्रेकरू येऊ लागले आणि लोकांच्या तोंडी 'छोटा संत ह्यू' रुळला. गाव एक, नाव एक, कॅथीड्रलही एकच. घाईत लिहिणारा तिथेच फसतो.

मला सर्वांत खटकतं ते वेगळंच. ११९० च्या सुमारास इंग्लंडभर ज्यूंवर हल्ले झाले तेव्हा हाच बिशप जमावासमोर उभा राहिला होता. त्याच्या अंत्ययात्रेत लिंकनचे ज्यू रडत होते, असं त्याचा चरित्रकार ॲडम लिहितो. अशा माणसाच्या नावावर हा आरोप चढवणं हा त्याच्यावर आणि त्या अठरा जणांवर अन्याय आहे. स्वतः कॅथीड्रलने विसाव्या शतकात मुलाच्या कबरीपाशी पाटी लावून ही गोष्ट खोटी असल्याचं मान्य केलं.

मी मुलाला 'संत' लावत नाही, 'लिंकनचा मुलगा ह्यू' लिहितो. 'ज्यूंनी मारलेला' हे शब्द तर मुळीच नकोत. नोव्हेंबरातला सण बिशपचा, त्या दिवशी मुलाची कथा सांगू नये.