फ्लाय अ‍ॅश वीट (राखेची वीट)

औष्णिक वीज केंद्रात कोळसा जाळल्यावर जी बारीक करडी राख उरते तिच्यापासून केलेली वीट. काहीजण हिला सिमेंटची वीट पण म्हणतात. आपल्या देशी कोळशात राखच 30 ते 45 टक्के निघते, त्यामुळे चंद्रपूर, कोराडी, खापरखेडा, परळी, भुसावळ अशा केंद्रांजवळ राखेचे मोठमोठे तलाव साठलेत, उन्हाळ्यात ती राख उडून आजूबाजूच्या गावांत येते आणि जुलै 2022 मध्ये कोराडी केंद्राचा खसाळा गावाजवळचा राखेचा बंधारा फुटला तेव्हा तीच राख पाण्यासोबत लोकांच्या शेतात शिरली. म्हणून ही राख विटेत जिरवणं खरंच गरजेचं आहे.

साधारण निम्मी किंवा जास्त राख, बाकी क्रश सँड किंवा खडीची चुरी, आणि चुना-जिप्सम नाहीतर सिमेंट, हे सगळं पॅन मिक्सरमध्ये थोड्या पाण्यात मळून हायड्रॉलिक प्रेसमध्ये दाबतात. भट्टी लागतच नाही! राखेतली सिलिका पाण्याच्या सोबतीने चुन्याशी धरते आणि वीट हळूहळू कडक होते, त्यामुळे सगळा खेळ पाणी मारण्याचा आहे, दोन-तीन आठवडे नीट क्युरिंग व्हायलाच हवं. ऑर्डरची घाई असली की काही कारखानदार चार दिवसांत गाडी भरतात, मग साइटवर कोपरे झडतात आणि नंतर प्लास्टरला बारीक भेगा पडतात, आणि लोक नाव ठेवतात राखेला. घेताना एक वीट रात्रभर बादलीत बुडवून ठेवा, सकाळी नखाने खरवडून भुगा निघत असेल तर लॉट परत पाठवा.

राख पण सुकी, चिमणीआधीच्या ईएसपीतून (धुरातली राख विजेच्या जोरावर ओढून घेणारं यंत्र) काढलेली चांगली, तलावातली ओली राख जाडसर असते आणि तेवढी धरत नाही.

केंद्र सरकारने 14 सप्टेंबर 1999 च्या अधिसूचनेने वीज केंद्रांपासून 50 किमीच्या आतल्या वीटभट्ट्यांना मातीत किमान 25 टक्के राख मिसळणं सक्तीचं केलं, पुढे हे अंतर वाढत गेलं. तुमच्या पीपीसी (पोर्टलँड पोझोलाना) सिमेंटच्या गोणीतही 15 ते 35 टक्के हीच राख असते.

मातीच्या विटेपेक्षा हिचा आकार एकसारखा येतो त्यामुळे प्लास्टर पातळ लागतं, शिवाय शेतातली सुपीक माती वाचते. वजन मात्र बरंच भरतं, त्यामुळे कारखाना लांब असेल तर गाडीभाड्यातच फायदा संपतो.