बॉनेटमधली तंबाखूची पुडी आणि उंदराचं नाक

पावसाळा लागला की गॅरेजात एका ठरावीक दुखण्याच्या गाड्या येऊ लागतात. सेल्फ लागत नाही, डॅशबोर्डवर इंजिनाचा पिवळा दिवा जात नाही, एसी लावला की कुबट वास. मेकॅनिक बॉनेट उघडतो, बॅटरीमागे हात घालतो आणि कुरतडलेल्या वायरींचा झुबका ओढून दाखवतो. 2020च्या टाळेबंदीत गाड्या महिनोन्‌महिने जागच्या हलल्या नाहीत, तेव्हा हे दुखणं भर उन्हाळ्यातही बोकाळलं.

उंदराच्या दृष्टीने जागा नामी आहे. पावसाने बिळात पाणी भरतं आणि त्याला कोरडा आसरा हवा असतो. इंजिन बंद केल्यावरही बराच वेळ ऊब टिकते, वरून घुबडाची भीती नाही, घरट्याला बॉनेटच्या आतलं फेल्ट आयतं मिळतं. चढायला टायर आहेतच.

तो वायरी का कुरतडतो, याचं ठरलेलं उत्तर म्हणजे ‘दात वाढत राहतात म्हणून’. दात वाढतात हे खरंच. मोठ्या उंदराचे पुढचे दात वर्षाला दहा सेंटीमीटरहून जास्त वाढतात. त्यांच्या फक्त पुढच्या बाजूला कठीण इनॅमल असतं आणि त्यातल्या लोहामुळे ते पिवळट-नारिंगी दिसतं. मागची बाजू मऊ असल्याने लवकर झिजते, म्हणून दाताला सुताराच्या पटाशीसारखी धार राहते. पण ही झीज मुख्यतः वरचे आणि खालचे दात एकमेकांवर घासून होते. त्यासाठी तुमच्या गाडीची वायर लागत नाही.

दुसरं लोकप्रिय उत्तर सोयाबीनचं. वायरींच्या वेष्टणात सोयापासून केलेला माल वापरल्यामुळे उंदीर येतात, असा दावा करत अमेरिकेत मोटार कंपन्यांवर खटलेही झाले. मला हे पटत नाही. कुरतडलेल्या वायरीखाली नीट पाहा: वेष्टणाचे बारीक तुकडे तिथेच पडलेले असतात. उंदराला कुरतडताना पुढच्या दातांमागे ओठ मिटून घेता येतात, त्यामुळे भुगा तोंडात जातच नाही. म्हणजे तो बहुतेक वेळा वायर खात नाही. तो दाताने जग चाचपतो, वाटेत आडवं आलेलं तोडतो, घरट्यासाठी मऊसर काही मिळतंय का ते बघतो. अशा प्राण्याला चव बदलून किंवा वास मारून हटवणं अवघड जाणार, हे उघड आहे.

आपण मात्र नेमकं तेच करतो. बॉनेटमध्ये तंबाखूची पुडी, पेपरमिंटचं तेल, डांबराच्या गोळ्या. वास इंजिनाच्या उष्णतेने चार दिवसांत उडून जातो, आणि उरलाच तर उंदीर त्याला सरावतो. डांबराच्या गोळ्या तर मुळीच ठेवू नयेत. गाडीत बाहेरची हवा घेणारं तोंड समोरच्या काचेच्या पायथ्याशी, बॉनेटला लागूनच असतं. गोळ्यांतल्या नॅप्थालीनची वाफ तिथून थेट आत येते, आणि जी-सिक्स-पीडी या विकराची जन्मजात कमतरता असलेल्या मुलांच्या तांबड्या पेशी तिने फुटू शकतात. अल्ट्रासॉनिक यंत्रांची कथाही निराळी नाही. उंदराला 80-90 किलोहर्ट्‌झपर्यंत ऐकू येतं, हे बरोबर. पण असा आवाज हवेत लवकर विरतो, पत्र्याच्या पलीकडे जात नाही आणि काही दिवसांत सवयीचा होतो. 2001 साली अमेरिकेच्या व्यापार आयोगाने अशी यंत्रं बनवणाऱ्या आणि विकणाऱ्या साठहून अधिक कंपन्यांना, दाव्यांना शास्त्रीय पुरावा हवा, अशी पत्रं धाडली होती.

मिरचीचं गणित जरा वेगळं. तिच्यातलं कॅप्सेसिन सस्तन प्राण्यांच्या चेतातंतूंवरचं उष्णता ओळखणारं प्रथिन चेतवतं. पक्ष्यांमधलं तेच प्रथिन कॅप्सेसिनला दाद देत नाही, म्हणून पोपट मिरची खुशाल फोडतो. होंडा कंपनी वायरींवर गुंडाळायला कॅप्सेसिन लावलेली टेप विकते. दात लावल्याशिवाय तिखट कळत नाही, पण नुकसान दातानेच होत असल्यामुळे वासाच्या पुडीपेक्षा हा उपाय मला सरस वाटतो. तिखटाची पूड भुरभुरवण्यात मात्र अर्थ नाही, पहिल्या पावसात ती धुऊन जाते.

वासाची खरी गोष्ट पुढे आहे, आणि गॅरेजात ती क्वचितच सांगितली जाते. घरउंदराच्या मुतात काही खास प्रथिनं असतात. त्यांच्या आत एक खोबण असते, तिथे वासाचे छोटे रेणू अडकून बसतात आणि सावकाश सुटत राहतात. त्यामुळे उंदीर निघून गेला तरी ‘इथे मी होतो’ ही खूण मागे दरवळत राहते, आणि दुसरा उंदीर ती वाचतो. वायरिंग बदललं, बिल भरलं आणि पुन्हा तीच तक्रार, यामागे बऱ्याचदा न धुतलेलं बॉनेट असतं. दुरुस्तीबरोबर घरटं काढून टाका, फेल्ट खराब झालं असेल तर बदला, पत्रे साबणाच्या पाण्याच्या फडक्याने पुसून घ्या. केबिन फिल्टर उघडून पाहाच, कुबट वासाचं मूळ अनेकदा तिथे सापडतं.

सफाई करताना लेंड्या कोरड्या झाडू नयेत, धूळ नाकात जाते. हातमोजे घाला. फरशीवर ब्लीच एकास नऊ भाग पाण्यात मिसळून शिंपडा, पाच मिनिटं थांबा आणि मग पुसा. लेप्टोस्पायरोसिसचे जंतू उंदरांच्या मुतातून पसरतात आणि ओलाव्यात तग धरतात. 26 जुलै 2005च्या पुरानंतर मुंबईने ते भोगलं आहे.

मग वाटा बंद करा. लहान घरउंदराला 6 मिलिमीटरची फट पुरते, मोठ्या उंदराला साधारण 12 मिलिमीटरची. म्हणून हवेच्या तोंडावर पाव इंचाहून बारीक भोकांची तारेची जाळी लावून घ्यावी. प्लास्टिकची जाळी किंवा फोम ते सहज फोडतात. उंदीर मिशांनी भिंत चाचपत, तिच्या कडेकडेनेच धावतो, तेव्हा गाडी भिंतीपासून, कुंड्यांपासून आणि कचऱ्याच्या डब्यांपासून दूर लावा. सीटखालचा वडापावचा चुरा काढा. आणि गाडी दोन-तीन दिवसांनी हलवत राहा. फुकटचा उपाय असूनही तो सगळ्यांत कमी पाळला जातो.

गोठा, शेतातली खोली, अडगळीची पडवी इथे खरा प्रश्न अन्नाचा. पेंड आणि धान्य पोत्यात न ठेवता झाकणाच्या पत्र्याच्या पिंपात ठेवावं, कडब्याची गंजी भिंतीला टेकू देऊ नये. कोकणात आणि गोव्यात माडाच्या बुंध्याला गुळगुळीत पत्र्याचा पट्टा मारतात, त्यावर उंदराची नखं टिकत नाहीत. धान्याच्या मचाणाच्या पायांनाही तोच पत्रा लावता येतो, फक्त मचाण मीटरभर उंच हवं आणि शेजारची फांदी त्याला टेकलेली नको.

विषाच्या बाबतीत हात आखडता घ्यावा. गाडीत विष ठेवलं तर उंदीर एसीच्या नळीत मरतो आणि मग वासाने तुम्हीच गाडीबाहेर. ब्रोमॅडिओलोनसारखी रक्त गोठू न देणारी विषं खाल्लेला उंदीर लगेच मरत नाही. त्याला गव्हाणी घुबडाने किंवा मांजराने पकडलं तर विष पुढे जातं, आणि गोठ्याजवळचं घुबड ही तर आपली बिनपगारी राखण. चिकट पॅडवर प्राणी तासन्‌तास तडफडतो. मी तो वापरा असं कुणालाही सांगणार नाही.

चाप किंवा पिंजराच बरा. चाप भिंतीला काटकोनात, आमिषाची बाजू भिंतीकडे करून लावा. घरउंदीर चौकस असतो, बहुधा पहिल्या रात्रीच येतो. मोठा उंदीर नव्या वस्तूला बिचकतो, त्याच्यासाठी चाप न ताणता आमिषासकट काही रात्री तसाच ठेवा आणि आमिष उचललं जाऊ लागलं की मगच ताणा. पिंजऱ्यात लांब नाकाची, उग्र वासाची चिचुंद्री अडकली तर सोडून द्या. ती कुरतडणाऱ्यांच्या जातीतली नाही, झुरळं आणि किडे खाते.