फिर्खो आणि बर्लिनची गटारे

जर्मन डॉक्टर रुडॉल्फ फिर्खो यांचा ‘प्रत्येक पेशी पेशीतूनच येते’ हा सिद्धांत वैद्यकाच्या विद्यार्थ्यांना पाठ असतो. पण १८५९ पासून १९०२ मध्ये मृत्यू होईपर्यंत ते बर्लिनचे नगरसेवक होते, आणि आरोग्यातल्या विषमतेवरचे त्यांचे खरे काम तिथे झाले.

या कामाचे मूळ १८४८ मधले. प्रशियाच्या सरकारने त्यांना अप्पर सिलेशिया या पोलिश भाषिक भागात टायफसच्या साथीवर पाठवले. (टायफस उवांमुळे पसरतो, विषमज्वर म्हणजे टायफॉइड, तो वेगळा. उवांचा संबंध १९०९ मध्ये कळला.) अहवालात त्यांनी उपासमारीवर बोट ठेवले आणि पोलिश भाषेतून शिक्षण, रस्ते, करांचा न्याय्य बोजा आणि लोकांचे स्वराज्य मागितले. वर्षभरात बर्लिनमधले रुग्णालयातले पद गेले.

पुढे नगरसेवक म्हणून सर्वांत मोठा वाद झाला तो मैल्यावर. १८५६ मध्ये नळ आले, तसे संडासाचे पाणी रस्त्याकडेच्या उघड्या गटारांत वाहू लागले. मैला पिपांत भरून गाड्यांनी न्यावा, असे एका पक्षाचे म्हणणे होते. भुयारी नळांत सोडला तर शेतीचे खत वाया जाईल, हा त्यांचा आक्षेप. १८६१ ची एक योजना भुयारी गटारांची होती, पण ती घाण स्प्रे नदीत सोडणारी, म्हणजे नदीच्या खालच्या अंगाला राहणाऱ्यांच्या दारात. फिर्खो यांनी मृत्यूंचे आकडे भूजलाच्या पातळीशी ताडून पाहिले आणि भुयारी गटारांच्या बाजूने कौल दिला, मात्र नदी वगळून.

बांधकाम १८७३ मध्ये सुरू झाले. शहराचे १२ स्वतंत्र विभाग पाडले. प्रत्येक विभागाचा उतार आपापल्या पंपघराकडे. सपाट शहरात एकच लांब गटार घातले असते तर उतार राखण्यासाठी ओल्या वाळूत फार खोल खणावे लागले असते. पंपघरात आधी वाळू खाली बसे, मग दाबाच्या नळांतून सांडपाणी शहराबाहेरच्या शेतांवर जाई. खताचा आक्षेप असा मिटला.

शेतांवर जास्त पाणी सोडले की मातीची छिद्रे बुजतात, पाणी साचते, दुर्गंधी सुटते. म्हणून आलटून पालटून वाफे कोरडे ठेवावे लागत. नंतर कारखान्यांचे पाणी मिसळले आणि जड धातू मातीत राहिले. दुसरी अडचण अजून आहे. मध्यवर्ती भागात पाऊस आणि मैला एकाच नळात असल्यामुळे मुसळधार पावसात जादा पाणी स्प्रेमध्येच सुटते. ते अडवायला आता जमिनीखाली साठवण टाक्या बांधल्या जात आहेत.