टेस्टचा कौल कोणी द्यायचा?

‘एजंटने एका रात्रीत चारशे टेस्ट लिहिल्या, आता टेस्टर कशाला?’ या चालीच्या पोस्टी हल्ली रोज वाचायला मिळतात आणि हिंजवडी-खराडीच्या सॉफ्टवेअर तपासणाऱ्या क्यूए मंडळींच्या पोटात गोळा येतो. चारशे टेस्ट रात्रीत लिहून होतात, हे खरंच आहे. एजंट म्हणजे हातात अवजारं दिलेलं भाषा-मॉडेल. ते फाइल उघडतं, कमांड चालवतं, ब्राउझरमध्ये क्लिक करतं, आलेली एरर वाचतं आणि पुन्हा प्रयत्न करतं. टेस्टिंगमधलं टंकनकाम त्याने संपवलं, हे मान्य करून टाकू. पण टंकन हा टेस्टिंगचा सोपा भाग होता.

कुठल्याही टेस्टमध्ये तीन गोष्टी असतात: इनपुट द्यायचं, कोड चालवायचा, आलेलं उत्तर अपेक्षित उत्तराशी ताडायचं. हे अपेक्षित उत्तर सांगणाऱ्याला संगणकशास्त्रात ‘ओरॅकल’ म्हणतात. आपल्याकडे कोकणात देवाला कौल लावतात, तसलाच प्रकार. मूर्तीला चिकटवलेली पाकळी उजवीकडून पडली की काम फत्ते. पाकळी गुरुत्वाकर्षणाने आणि पाणी वाळल्याने पडते, हे वेगळं सांगायला नको. पण निदान तिथे कौल मागणारा वेगळा आणि पाकळी वेगळी असते. एजंट टेस्ट लिहितो तेव्हा बहुतेकदा कोड वाचून लिहितो. म्हणजे ज्याची परीक्षा घ्यायची, त्यालाच बरोबर उत्तर विचारतो.

एक काल्पनिक कोड घेऊ. एसटीच्या सवलतींचे नियम महाराष्ट्रात सगळ्यांना ठाऊक आहेत: ७५ वर्षं पूर्ण झालेल्यांना प्रवास मोफत, ६५ ते ७५ वयाच्यांना निम्मं तिकीट, महिलांनाही निम्मं. प्रोग्रामरने लिहिलं:

जर वय > ७५, तर भाडं शून्य
नाहीतर, जर वय >= ६५ किंवा महिला, तर भाडं निम्मं
नाहीतर भाडं पूर्ण

पहिल्या ओळीत चूक आहे: ‘७५ किंवा जास्त’ऐवजी ‘७५ पेक्षा जास्त’ झालं. >= हवं होतं, > पडलं. एजंटला सांगितलं, ‘याच्या टेस्ट लिही.’ मूळ भाडं २०० रुपये धरून तो लिहितो: वय ८०, अपेक्षित ०. पुरुष ७०, अपेक्षित १००. महिला ४०, अपेक्षित १००. पुरुष ४०, अपेक्षित २००. कोडची प्रत्येक ओळ चालली, कव्हरेज १०० टक्के, सगळं हिरवं, म्हणजे पास. आणि ७५ वर्षांच्या आजोबांच्या हातात शंभर रुपयांचं तिकीट!

या टेस्ट किती बोथट आहेत हे मोजण्याची एक सुंदर युक्ती आहे, म्यूटेशन टेस्टिंग. डीमिलो, लिप्टन आणि सेवर्ड यांनी ती १९७८ साली मांडली. कोडमध्ये मुद्दाम एकेक छोटी चूक पेरायची: > चं >= करायचं, ‘किंवा’चं ‘आणि’ करायचं, शून्याचा एक करायचा. अशा प्रत्येक बिघडवलेल्या प्रतीला म्यूटंट म्हणतात. प्रत्येक म्यूटंटवर सगळ्या टेस्ट चालवायच्या. एक जरी टेस्ट लाल झाली तर तो म्यूटंट मेला. सगळ्या हिरव्याच राहिल्या तर जगला, म्हणजे तेवढ्या जागी तुमच्या टेस्ट आंधळ्या आहेत.

वरच्या चार टेस्टवर लावून पाहा. ‘किंवा’चं ‘आणि’ केलं तर सत्तरीच्या पुरुषाला पूर्ण भाडं पडतं, टेस्ट लाल होते, म्यूटंट मरतो. पण पहिल्या ओळीतलं > बदलून >= केलं तर चारही टेस्ट हिरव्याच राहतात. दुसऱ्या ओळीतलं >= बदलून > केलं तरी तेच. दोन म्यूटंट जगले, आणि दोन्ही नेमकं सीमेवर बोट ठेवतात: ७५ आणि ६५. शंभर टक्के कव्हरेजने जे सांगितलं नाही ते इथे कळलं. दसऱ्याला लॅपटॉपला झेंडू वाहिल्याने कोणाचं नुकसान होत नाही, पण कव्हरेजच्या आकड्याची पूजा महागात पडते.

पद्धत इतकी जुनी, मग सर्रास का वापरली गेली नाही? एक तर वेळ. १२०० म्यूटंट आणि ९० सेकंदांचा टेस्ट-संच धरला तर ३० तास झाले. जावा या प्रोग्रामिंग भाषेसाठी पिट किंवा जावास्क्रिप्टसाठी स्ट्रायकर ही अवजारं बदललेल्या ओळीवरून जाणाऱ्या टेस्टच चालवून हा वेळ वाचवतात. दुसरी अडचण जास्त चिवट आहे. ‘सवलत < ० असेल तर सवलत = ०’ यातलं < बदलून <= केलं तर वागणूक तसूभरही बदलत नाही. हा म्यूटंट मारणारी टेस्ट अस्तित्वातच असू शकत नाही, आणि दोन प्रोग्राम सारखेच वागतात का, हे ठरवणारी सर्वसाधारण रीत गणिताच्या दृष्टीनेच अशक्य आहे. एकेक जगलेला म्यूटंट माणसाने तपासायचा म्हणजे पिट्टा पडतो. इथे मात्र एजंट खरोखर कामाला येतो. तो असे जुळे म्यूटंट बऱ्यापैकी ओळखून बाजूला काढतो आणि उरलेल्यांना मारणाऱ्या टेस्ट लिहितो.

आता खरी मेख. एजंटला म्हटलं, ‘७५च्या सीमेवरचा तो जगलेला म्यूटंट मार.’ तो पाचवी टेस्ट लिहितो: पुरुष ७५, अपेक्षित १००. कारण कोड तेच देतो. म्यूटंट मेला, स्कोअर (मेलेल्या म्यूटंटचं प्रमाण) वाढला आणि चुकीवर शिक्कामोर्तब झालं. उद्या कोणी > चं >= करून चूक दुरुस्त करायला गेला तर हीच टेस्ट लाल होऊन त्याला अडवेल. म्यूटेशनने टेस्टची धार कळते, खरेपणा कळत नाही.

मेटाने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या इन्स्टाग्रामवरच्या मूल्यमापनात मॉडेलने लिहिलेल्या टेस्टपैकी ७५ टक्के बिल्ड झाल्या, म्हणजे चालवण्याजोग्या बनल्या, ५७ टक्के भरवशाने पास झाल्या आणि २५ टक्क्यांनी कव्हरेज वाढवलं. या चाळणीची गंमत पाहा: पास न होणारी टेस्ट फेकली जाते. म्हणजे आजचा बग पकडून लाल झालेली टेस्टही कचऱ्यातच. अशा टेस्ट उद्या काही मोडलं तर ओरडतील, आज मोडलेल्याला मात्र हिरवा झेंडा दाखवतील.

स्क्रीनच्या टेस्टमध्ये हाच धोका ‘हीलर’च्या रूपात येतो. प्लेराइट या ब्राउझर चालवून टेस्ट करणाऱ्या अवजारात २०२५ पासून तीन एजंट आहेत: एक योजना आखतो, दुसरा टेस्ट लिहितो, तिसरा, म्हणजे हीलर, पडलेली टेस्ट दुरुस्त करतो. बटणावरचं ‘बुक करा’ बदलून ‘तिकीट काढा’ झालं आणि हीलरने तेवढं बदललं, तर उत्तम. पण एकूण रक्कम १०० ऐवजी २०० दिसायला लागली आणि त्याने अपेक्षित आकडाच २०० केला, तर ती सारवासारव झाली. म्हणून हीलरला स्क्रीनवरचा घटक शोधण्याची ओळ आणि थांबण्याची वेळ एवढंच बदलू द्यावं. ताडणीची ओळ बदललेली दिसली की ते मर्ज, म्हणजे बदल मुख्य कोडमध्ये मिसळणं, अडवावं. अपेक्षित उत्तरांचा तक्ता वेगळ्या फाइलीत ठेवावा, तो एसटीचं परिपत्रक वाचून माणसाने भरावा आणि एजंटला ती फाइल फक्त वाचता यावी.

टेस्टरचं काम आता या तक्त्याकडे सरकतंय, आणि तो भरणं वाटतं तितकं सोपं नाही. २९ फेब्रुवारी १९५२ ला जन्मलेल्या बाईंना ७५ वर्षं कधी पूर्ण होणार? २०२७ मध्ये ती तारीखच नाही. जावामध्ये जन्मतारखेत ७५ वर्षं मिळवली तर उत्तर येतं २८ फेब्रुवारी २०२७. त्याच जावाला २८ फेब्रुवारीला ‘मधली वर्षं किती झाली’ असं विचारलं तर तो सांगतो ७४. जावास्क्रिप्टमध्ये तारखेचं वर्ष बदलून २०२७ केलं तर १ मार्च येतो. कोडमध्ये जे असेल त्याबरहुकूम एजंट टेस्ट लिहील आणि ती हिरवी होईल. २८ तारखेला कंडक्टरने त्यांच्याकडून पैसे घ्यायचे की नाही, हे मात्र महामंडळाला विचारूनच तक्त्यात लिहावं लागेल.