निकालाआधीचा शब्द

1884 साली मुरादाबादच्या खैराती नावाच्या व्यक्तीचा खटला अलाहाबाद हायकोर्टात आला. बायकांच्या वेशात, एका घरातल्या बायकांमध्ये गाताना दिसली, एवढ्यावरून अटक. मग शरीराची तपासणी आणि ‘अनैसर्गिक’ संभोगाला गुन्हा ठरवणारं कलम 377. आरोपात ना वेळ होती, ना जागा, ना दुसरी व्यक्ती. म्हणून सुटका झाली. पण सोडतानाही न्यायमूर्ती स्ट्रेट यांनी असल्या ‘किळसवाण्या’ प्रकारांना आळा घालण्याची अधिकाऱ्यांची इच्छा आपण समजू शकतो, असं लिहून ठेवलं. गुन्हा सिद्ध झाला नव्हता, तरी किळस निकालपत्रात उमटलीच.

त्यामागे 1871 चा गुन्हेगार जमाती कायदा होता. त्याचा दुसरा भाग खास ‘यूनक’ (इंग्रजीत खच्ची केलेला पुरुष, षंढ) म्हटल्या जाणाऱ्यांसाठी. सरकारी नोंदवहीत नाव चढलेल्या माणसानं रस्त्यावर बाईच्या वेशात दिसणं, नाचणं, वाजवणं, याला दोन वर्षांपर्यंत कैद.

डिसेंबर 2013 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं 377 कायम ठेवताना समलैंगिक, तृतीयपंथी व्यक्तींच्या हक्कांसाठी ‘तथाकथित हक्क’ असा शब्द वापरला. हक्क मागणाऱ्याला याहून जास्त दुखावणारं विशेषण मला सुचत नाही. चारच महिन्यांनी, 15 एप्रिल 2014 ला, नालसा (राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरण) खटल्यात त्याच न्यायालयाच्या दुसऱ्या खंडपीठानं तृतीयपंथी समाजाच्या वेदनेपासूनच निकालाची सुरुवात केली. लिंगओळख ज्याची त्यानं ठरवायची, शस्त्रक्रियेचा आग्रह बेकायदा, असं स्पष्ट सांगितलं. तरीही अंतिम आदेशात ‘हिजडा’च्या शेजारी 1871 चा ‘यूनक’ आहेच.

जानेवारी 2021 मध्ये मुंबई हायकोर्टाच्या औरंगाबाद खंडपीठानं जळगाव जिल्ह्यातल्या भादली बुद्रुकच्या एका तृतीयपंथी उमेदवाराला महिलांच्या जागेवर ग्रामपंचायत लढवू दिली. अर्ज आधी फेटाळला गेला होता. तमिळनाडूत मद्रास हायकोर्टाच्या पुढाकारानं सन्मानजनक शब्दांची सूचीच 2022 मध्ये राजपत्रात आली.

अशा सूचीची गरज मराठीला जास्त आहे. इंग्रजी जबाबात ‘मी’च्या क्रियापदाला लिंग नसतं. आपल्या तालुक्याच्या कोर्टात मात्र जबाब उतरवून घेताना पहिल्याच वाक्याला ‘मी गेलो होतो’ की ‘मी गेले होते’, हे ठरवावं लागतं. ते समोरच्या माणसाच्या तोंडून ऐकून लिहावं, चेहरा बघून नव्हे.