कात्री अननसाची, श्रेय आंबटपणाला

‘अननसाच्या रसात चिकन रात्रभर मुरवा, रसातलं आम्ल मांस लोण्यासारखं मऊ करेल’, असं सांगणारा एक व्हिडिओ मध्यंतरी मला तिघांनी पाठवला. दिलेलं कारण चुकीचं आहे हे मला माहीत होतं. कृती तरी बरोबर असेल असं वाटलं आणि तिथेच फसलो. छातीचे बिनहाडाचे तुकडे, ताज्या अननसाचा रस, मीठ, मिरी, लसूण, रात्रभर फ्रिज. सकाळी चिमट्याने एक तुकडा उचलला तर चिमट्याची खूण त्यावर तशीच राहिली आणि कडेचा थर बोटाला ओल्या पिठासारखा चिकटला. तव्यावर तो थर सुटून जळला. आत मात्र नेहमीचंच चिकन.

आंबटपणामुळे हे झालं असतं, तर लिंबाने ते जास्त व्हायला हवं होतं. लिंबाचा रस अननसापेक्षा कितीतरी जास्त आम्लधर्मी असतो. पण लिंबात रात्रभर ठेवलेलं चिकन पांढुरकं, घट्ट होतं. त्याचं पीठ होत नाही. घरी खात्री करायची असेल तर जिलेटिनची जेली तीन वाट्यांत लावा. एकीत ताज्या अननसाचा रस घाला, दुसरीत दहा मिनिटं उकळून गार केलेला तोच रस, तिसरीत थोडं लिंबू. पहिली वाटी सेट होणार नाही, दुसरी आणि तिसरी होतील. उकळल्याने रसाचा आंबटपणा जात नाही. मग गेलं काय?

गेलं ते ब्रोमेलेन. हे प्रथिनं तोडणारं एन्झाइम (रासायनिक क्रिया वेगाने घडवणारं प्रथिन) आहे, आणि जेलीतलं जिलेटिनही प्रथिनच. कच्च्या पपईच्या चिकातलं पपेन, किवीतलं ॲक्टिनिडिन आणि अंजिरातलं फायसिन ही त्याची भावंडं. आंब्यातही प्रथिनं तोडणारी एन्झाइम असतात, त्यामुळे आंबा घालून केलेलं चिकन बिघडलं तर दोष आंब्याचाही असू शकतो.

प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची लांब माळ, गुंडाळून ठेवलेली. आम्ल हा गुंडा विस्कटतं, पण धागा शाबूत राहतो. एन्झाइम धागाच कापतं. दोन अमिनो आम्लांमधला पेप्टाइड बंध भलताच चिवट असतो. नुसत्या पाण्यात, साध्या तापमानाला तो आपोआप तुटायला शेकडो वर्षं लागतात. अननस हे काम एका रात्रीत कसं करतो?

या कुटुंबात सगळ्यात नीट अभ्यासलेलं एन्झाइम म्हणजे पपेन. नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगेन विद्यापीठात यान ड्रेंथ आणि सहकाऱ्यांनी 1968 मध्ये क्ष-किरणांच्या मदतीने त्याची रचना उलगडली. पपेन ही 212 अमिनो आम्लांची माळ. तिच्यात 25व्या जागेवर सिस्टीन नावाचं अमिनो आम्ल आहे, त्याच्या टोकाला गंधकाचा अणू. 159व्या जागेवर हिस्टिडीन नावाचं दुसरं. माळ सरळ धरली तर या दोघांमध्ये 133 मणी आहेत. पण घडी अशी पडते की दोघे एका खाचेच्या समोरासमोरच्या काठांवर येऊन बसतात. हिस्टिडीन गंधकावरचा प्रोटॉन (हायड्रोजनचा धनभारित कण) ओढून घेतं, मोकळा झालेला गंधक ऋणभारित आणि आक्रमक होतो. खाचेत मांसाच्या प्रथिनाची माळ शिरली की गंधक पेप्टाइड बंधातल्या कार्बनला जाऊन भिडतो. कार्बनभोवतीची रचना क्षणभर चौफळी होते, ती टिकत नाही, ढासळते आणि बंध तुटतो. माळेचा एक तुकडा सुटून जातो, दुसरा गंधकाला चिकटून राहतो. मग पाण्याचा रेणू येतो, हिस्टिडीन त्याचाही प्रोटॉन ओढतं, तेच नाट्य उलट दिशेने घडतं आणि दुसरा तुकडाही सुटतो. गंधक पुन्हा मोकळा, पुढच्या माळेला तयार. ब्रोमेलेनचं तंत्र हेच आहे.

आता उकळलेल्या रसाचं कोडं सुटतं. उष्णतेने एन्झाइमची माळ तुटत नाही, फक्त घडी मोडते. सिस्टीन आणि हिस्टिडीन एकमेकांपासून लांब जातात. कात्रीची दोन्ही पाती शाबूत, मधला खिळा निघालेला. डबाबंद अननस तापवलेला असतो, म्हणून तो बिनधास्त वापरता येतो.

मला सगळ्यात आवडणारी गोष्ट मात्र मधल्या तापमानाची आहे. फ्रिजमध्ये ब्रोमेलेन सुस्त असतं. शिवाय ते मिठाच्या तुलनेत अवाढव्य, त्यामुळे मांसात काही मिलिमीटरच शिरतं. तवा तापायला लागला की चित्र बदलतं. 50 अंश सेल्सियसच्या पुढे मांसाची प्रथिनं उलगडू लागतात, मांसाला चिवट करणाऱ्या कोलॅजेन या प्रथिनाचा तिपेडी दोर सैल होतो, आणि ब्रोमेलेन नेमकं याच सुमारास सर्वांत चपळ असतं. 70 अंशांच्या वर गेलं की ते स्वतःच मोडायला लागतं. म्हणजे कापाकापीचा मोठा भाग या मधल्या पट्ट्यात उरकतो. मंद आचेवर हा पट्टा लांबतो आणि लगदा होतो, मोठ्या आचेवर तो झटकन ओलांडला जातो. (पपेन जास्त चिवट, 70 अंशांनाही दाद देत नाही. म्हणून पपई आणखी जपून.)

जाता जाता: फळ आणि मांस एकत्र आलं की पोटात विष होतं, असं सांगणारे भेटतात. विष होत नाही, पचनाचं थोडं काम ताटात आधीच होतं, इतकंच. दुसऱ्या टोकाला ‘अननस चरबी जाळतो’ म्हणून गोळ्या विकणारे आहेत. वर वर्णन केलेली खाच पेप्टाइड बंध कापते आणि चरबीत पेप्टाइड बंध नसतात. मग ही कात्री तिथे कापणार काय?

छातीच्या मांसात कोलॅजेन मुळात कमी, त्यामुळे तिथे मऊ करण्यासारखं फारसं काही नव्हतंच. आता मी मांडीचे तुकडे घेतो. चवीसाठी उकळून गार केलेला रस लावून रात्रभर ठेवतो, कच्चा रस फक्त शेवटची वीस मिनिटं. आच मोठी, आणि तुकड्याच्या मध्यभागी 74 अंश होईपर्यंत शिजवायचं. रसातल्या साखरेमुळे ते लवकर लाल होतं, तेव्हा तव्यावरून नजर हलवायची नाही. अननसाच्या फोडी वेगळ्या भाजून वरून घालतो. सोलताना राहिलेल्या दोन-तीन कच्च्या फोडी तिथेच उभ्याने खातो. जीभ चरचरते: थोडं फळातल्या सुईसारख्या ऑक्झलेट स्फटिकांमुळे, थोडं त्याच कात्रीमुळे.